ट्रेसिंग उलटून

मी पुसण्याचं काम करते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते, कारण नीट समजावून सांगायला गेलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, फोटोशॉप," आणि माझं डोकं फिरतं. सिनेमात एखादी नटी गच्चीवरून खाली झेपावते तेव्हा तिच्या कमरेला दोर बांधलेला असतो. पडद्यावर तो दिसत नाही, कारण माझ्यासारख्या कुणीतरी एकेक फ्रेम समोर घेऊन त्यावर ब्रश फिरवलेला असतो. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. सहा सेकंदांचा शॉट म्हणजे जवळजवळ दीडशे चित्रं, आणि प्रत्येकात तोच मेला दोर जरासा सरकलेला.

ब्रश अर्थात कंप्युटरमधला. हातात प्लास्टिकचं पेन, मांडीवर काळी पाटी. पाटीवर रेघ ओढली की ती स्क्रीनवर उमटते. शेजारच्या भिंतीचा रंग उचलायचा आणि दोरावर फिरवायचा, विटेची रेघ विटेला जुळवायची. अशा प्रत्येक फटकाऱ्याला त्याचं त्याचं आयुष्य असतं. तो एकाच फ्रेमपुरता हवा की शॉट संपेपर्यंत, हे आपण ठरवून द्यायचं. भिंत प्रत्येक फ्रेमवर जरा जरा वेगळी रंगवली गेली, तर शॉट चालवल्यावर तेवढा तुकडा खदखदताना दिसतो. आमच्या सुपरवायझर बाई त्याला "पैच उबल रहा है" म्हणतात, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकलं की माझा तो दिवस गेलाच.

ऑफिस गुरुग्रामला. आठवड्यातून दोन दिवस तिथं जायचं, बाकीचे दिवस द्वारकेतल्या घरून. आई शाळेत शिकवते, ती साडेतीनशिवाय परत येत नाही. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि निवृत्त झालेले बाबा, आणि आमच्या दोघांचं काम मुळात एकच आहे हे मला बरंच उशिरा कळलं.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. माझं लहानपण आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं, आणि त्या घरातली माझी सगळ्यात जुनी आठवण आहे ती बाबांच्या बोटांतल्या अर्ध्या ब्लेडची. ट्रेसिंग कागदावर शाईनं ओढलेली रेघ चुकली तर ती रबरानं जात नाही. दाढीचं ब्लेड मोडून अर्धं करायचं आणि त्याच्या धारेनं शाई हलके हलके खरवडायची. मग ती जागा अंगठ्याच्या नखानं घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. बाहेर सगळीकडे हिंदी बोलणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला 'खरवडणं' हा शब्द आला तो त्या ब्लेडमुळे.

सगळं झालं की बाबा कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावायचे. ट्रेसिंग आरपार असतं. मागच्या बाजूनंही सगळं दिसतं, फक्त डावं ते उजवीकडे जातं. "सुलट्या बाजूची डोळ्यांना सवय होते," ते म्हणायचे. "उलटं केलं की चूक आपण होऊन पुढे येते." मी बाजूला उभी राहून चूक पुढे येण्याची वाट बघायचे. मला कधीच काही दिसलं नाही.

घरून काम सुरू झालं तेव्हा एका दुपारी ते सहज माझ्या मागे येऊन उभे राहिले. खरं तर शॉट कुणाला दाखवायचा नाही असं मी लिहून दिलेलं आहे. पण आमच्या बाबांना आयुष्यात एकही नटी ओळखता आलेली नाही, त्यामुळे त्यांच्याकडून गुपित फुटण्याची भीती नव्हती. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "ती वरची तिसरी वीट हलतेय." मी चिडले. तीच वीट मी सकाळपासून तीनदा केली होती. शॉट पुन्हा चालवला तर वीट खरंच हलत होती.

तेव्हापासून तो रिवाज पडला. शॉट झाला की मी हाक मारायची, बाबांनी स्टूल ओढून बसायचं, चष्मा पुसायचा आणि म्हणायचं, "चलो, दाखव." ते चूक सांगायचे आणि मी एका वहीत शॉटची छोटी चौकट काढून चूक असेल तिथं फुली मारायची. बाबांच्या हातून गेलेला शॉट सहसा परत येत नसे. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, माझी नजर फार तेज आहे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

गेल्या दिवाळीनंतर घरात काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या, आणि मी त्यातल्या एकीकडेही नीट बघितलं नाही. बाबा पेपर वाचताना रकान्याच्या डाव्या कडेला आपली जुनी स्टीलची पट्टी उभी धरायला लागले. मी म्हटलं, म्हातारपणी ड्राफ्ट्समन परत जागा झाला. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागायचा. मी म्हणायचे, "बाबा, दार तिथंच आहे, वीस वर्षं तरी हलायचं नाही." तेही हसायचे. भाजी आणायला जाणं त्यांनी बंद केलं, थंडी फार आहे म्हणाले. दिल्लीत जानेवारीत थंडी फार असतेच, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत तो गच्चीचा शॉट आला. नटी कठड्यावरून उतरते, दोर डावीकडून उजवीकडे जातो. चार दिवस मी त्याच्यावर घालवले. डावीकडच्या भिंतीवर दोराची सावली होती, ती झाकायला मी एक लांब फटकारा मारला आणि त्याचं आयुष्य शॉटभर ठेवून दिलं. तिथं भिंतीशिवाय काही नव्हतंच. म्हणजे मला तसं वाटलं. शेवटाकडे नटी त्याच भिंतीवर हात टेकवते, हे माझ्या डोक्यातून पार गेलं. एकटक त्याच जागी बघत राहिलं की असं होतं, आणि नेमक्या त्याचसाठी मला बाबा लागायचे.

बाबा बसले, त्यांनी तीनदा शॉट बघितला. उजवीकडच्या पाण्याच्या टाकीवरचा एक डाग त्यांनी पकडला. तो मी साफ केला. "आता?" मी विचारलं. "बिल्कुल स्वच्छ," ते म्हणाले. मी शॉट पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना सुपरवायझर बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मोठ्या स्क्रीनवर नटीचा हात भिंतीकडे गेला आणि तिची चार बोटं भिंतीत नाहीशी झाली. अंगठा तेवढा राहिला. खोलीत आणखी तिघं होती. "उंगलियाँ कहाँ गईं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

चूक माझी होती. फटकारा माझा, त्याचं आयुष्यही मीच ठरवलेलं. पण मेट्रोत बसल्याबसल्या मी ती सगळी बाबांच्या गळ्यात घातली. घरात पाऊल टाकताच मी सुरू झाले. "लक्ष नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. स्वच्छ कशाला म्हणालात? माणसाची चार बोटं गायब होतात आणि तुम्हाला टाकीवरचा डाग दिसतो?" बाबा हातातल्या पट्टीकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी एक शब्द उलट बोलायला हवा होता. ते बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते.

त्या आठवड्यात मी त्यांना हाक मारली नाही. बोटं परत आणायचं काम सोपं होतं. फटकारा निवडायचा आणि हात येण्याच्या आधीच्या फ्रेमवर त्याचं आयुष्य संपवायचं. दोन मिनिटांत बोटं आली. मग आपण आधी काय काय सोडलंय ते बघावं म्हणून मी वही काढली.

वहीत पानामागून पान चौकटी होत्या. जुन्या पानांवर फुल्या चौकटीभर पसरलेल्या होत्या, वर, खाली, कडेला. दिवाळीनंतरच्या पानांवर सगळ्या फुल्या उजव्या अर्ध्यात. मी एकेक पान उलटत गेले. तीन महिन्यांत डावीकडे एकसुद्धा फुली नव्हती. तीन महिने माझ्या डावीकडे एकही चूक झाली नाही, इतकी मी थोर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

आई घरी आल्यावर मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू बाबांचा चहा नेहमी उजवीकडे का ठेवतेस?" आई चपला काढत म्हणाली, "डावीकडे ठेवला की धक्का लागून सांडतात गं. दोनतीनदा झालं तसं. मग मीच इकडे ठेवायला लागले." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. आमच्या घरानं त्यांच्या डाव्या बाजूला वळसा घालून चालायला सुरुवात केली होती, आणि आमच्यापैकी कुणालाही ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शाळेत गेल्यावर मी एक शॉट तयार केला. नुसता करडा पडदा, मधोमध एक काळी फुली. मग ब्रश बारीक केला आणि फ्रेम बदलत बदलत एकेक पांढरा ठिपका मारत गेले, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, वर, खाली. प्रत्येक ठिपक्याचं आयुष्य थोड्याच फ्रेमचं. एक विझला की जरा थांबून दुसरा. असे चाळीस ठिपके. नोकरीत इतक्या काळजीनं मी कधी ब्रश चालवला नसेल.

मी हाक मारली. बाबा लगेच आले. आठवडाभर ते त्या हाकेची वाट बघत होते हे त्यांच्या चालीवरून कळत होतं, आणि मला माझीच लाज वाटली. "नवीन शॉट आहे," मी म्हटलं. "मधल्या फुलीकडे बघायचं, नजर हलवायची नाही. पांढरं काही दिसलं की 'हं' म्हणायचं."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. "हा काही शॉट नाही," ते म्हणाले. तरीही त्यांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि फुलीवर नजर लावली. "चलो."

"हं," ते म्हणाले. "हं." मग बराच वेळ काही नाही. स्क्रीनच्या डाव्या बाजूला एकामागून एक पाच ठिपके उमटले आणि विझले. बाबा मन लावून फुलीकडे बघत होते. परीक्षेला बसलेल्या शहाण्या मुलासारखे त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते. "हं," ते पुन्हा म्हणाले, उजवीकडे ठिपका आला तेव्हा.

संपल्यावर मी सगळ्या ठिपक्यांचं आयुष्य शॉटभर केलं. चाळीसच्या चाळीस एकदम पडद्यावर आले. दिसलेले मी हिरवे केले, न दिसलेले तसेच पांढरे ठेवले. मधोमध, वरपासून खालपर्यंत, पट्टी लावून आखावी तशी हद्द पडली. बाबांनी मान डावीकडे वळवली आणि तिथले ठिपके बघितले. ते बोटानं मोजू लागले. "एवढे होते?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दिवाळीनंतर एक दिवस सकाळी डोकं फार दुखलं. मग हे असं. मला वाटलं, नंबर बदलला असेल." ते थांबले. "नंतर कळलं, नंबर नाही."

"मग बोलला का नाहीत?" मला चिडायचं होतं, पण आवाज भलताच निघाला. "बाबा, तीन महिने."

"सांगितलं असतं तर तू दाखवायचं बंद केलं असतंस," ते म्हणाले. "म्हणाली असतीस, बाबा, आता आराम करा. आणि मग दिवसभर मी काय करणार होतो?"

मी अगदी हेच म्हणाले असते. शब्दसुद्धा हेच. मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि रडले. मी कुठे आहे ते दिसावं म्हणून त्यांनी मान वळवली.

हॉस्पिटलमध्ये त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधे बघायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाबांनी तिथल्या मॅडमना हिंदीत सांगितलं की ही परीक्षा आपण घरी दिलेली आहे आणि निकालही माहीत आहे. मग मेंदूचा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची एक छोटी गाठ अडकून गेली आहे. डावीकडचं गेलं ते गेलं, ते आता बहुतेक परत येणार नाही. पण रक्तदाब बराच वाढलेला होता, आणि असेच महिने गेले असते तर पुढचा झटका एवढ्यावर थांबला नसता. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि मान डावीकडे वळवून बघायची सवय लावायला सांगितली. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

आणि त्यानंतर मी काय केलं? बाबांना ज्याची भीती होती नेमकं तेच केलं. त्यांना दाखवायचं बंद केलं. वाईट बुद्धीनं नाही, मायेनंच. डोळ्यांना ताण नको, डोक्याला त्रास नको, गोळ्यांनी तसेही ते दुपारी पेंगतात, अशी शंभर कारणं माझ्याकडे तयार होती. त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते बाल्कनीत उन्हाला बसायचे, पेपरवर पट्टी लावून वाचायचे. शॉट संपवून मी खुर्ची मागे सारली की त्यांचं वाचन थांबायचं, हे मला इकडून दिसायचं. मग मी पुढची फाइल उघडायचे आणि ते पान उलटायचे.

मार्च संपत आला होता. विहिरीचा एक शॉट माझ्याकडून दोनदा परत आला होता. कुठेतरी काहीतरी खदखदत होतं आणि मला ते सापडत नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या, "कुछ है, देखो." काय आहे ते त्यांनाही बोट ठेवून सांगता येत नव्हतं. मी सकाळपासून बघून बघून आंधळी झाले होते. समोर बाल्कनीत बाबा बसले होते. पेपर मांडीवर, पट्टी कडेला, आणि मान स्क्रीनच्या उलट दिशेला मुद्दाम वळवलेली, मला वाटू नये की ते बघताहेत.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आरशासारखं उलटं करायचं एक बटण आहे. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मी ते रोज कधी ना कधी वापरते. कुणाला उपयोगी पडेल असं ते बटण आहे, हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलं नव्हतं. एवढी माझी अक्कल.

"बाबा," मी हाक मारली. "ट्रेसिंग उलटून बघायचंय."

त्यांनी पेपर खाली ठेवला, पण उठायची घाई केली नाही. "उलटून?" त्यांनी विचारलं.

"आधी सुलटं दाखवते. मग उलटं."

ते आले. दाराशी थांबून त्यांनी मान डावीकडे वळवली, चौकट बघितली आणि आत आले. स्टूल ओढलं, चष्मा पुसला. मी शॉट जसा होता तसा चालवला. विहीर, कठडा, बादली घेऊन येणारी बाई. ते म्हणाले, "इकडे ठीक आहे." मग मी बटण दाबलं. विहीर उजवीकडे गेली. पुन्हा शॉट चालवला, एकदा, दोनदा.

"थांब," ते म्हणाले. "मागे जा. अजून. अजून एक." मी एकेक फ्रेम मागे गेले. "हा. कठड्याच्या खालचा दगड बघ. सावली एक फ्रेम उशिरा येतेय."

मी जवळ जाऊन बघितलं. सावली उशिरा येत होती. एकाच फ्रेमचा फरक. दोन दिवस मी त्या दगडाकडे बघत होते.

"हे उलटं आहे ना आत्ता?" त्यांनी विचारलं. "म्हणजे हा दगड खरा डावीकडचा."

"हो. डावीकडचा."

मी चित्र सुलटं केलं. दगड त्यांच्या नजरेतून गेला असणार, कारण त्यांनी मान वळवून तो शोधला. मी ब्रश बारीक केला, फटकाऱ्याचं आयुष्य एका फ्रेमचं ठेवलं आणि सावली जागेवर आणली. मग वही काढली, शॉटची चौकट आखली आणि डाव्या बाजूला, खाली, एक फुली मारली. वही मी त्यांच्या उजव्या हाताशी धरली होती. त्यांनी त्या फुलीवर अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं.

साडेतीनला आई आली. तिनं चहा केला आणि कप बाबांच्या उजवीकडे ठेवला. "आज काय केलंत दिवसभर?" तिनं विचारलं. ती रोजच विचारते.

"काम होतं," बाबा म्हणाले. "डावीकडची एक पकडली."